वाळवंटातली बुरशी, घरातला कुत्रा आणि आपले औषधदान



आपल्यापैकी अनेकींची मुले, सुना, जावई अमेरिकेत आहेत. त्यातली काही ॲरिझोनात, म्हणजे मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या वाळवंटी राज्यात. फिनिक्सला जैन मंदिर आहे, तिथल्या पर्युषणाचे फोटो आपल्या ग्रुपवर येतात, तेव्हा हे गाव आता आपल्याला परके राहिलेले नाही. आमच्या महिला मंडळातल्या एका काकूंची लेक तिकडेच असते. तिच्या कुत्र्याला खोकला सुरू झाला, मग तो पुढचा पाय उचलून चालू लागला, जेवेना. तपासणीत निघाले की त्याच्या फुफ्फुसात आणि हाडात बुरशी झाली आहे. डॉक्टरांनी रोज गोळी, निदान वर्षभर, असे सांगितले. काकू फोनवर तिला म्हणाल्या, "अगं बाई, एका कुत्र्यासाठी रोज अनंत जीव मारून राहिली तू?" लेक रडकुंडीला आली, काकूही अस्वस्थ झाल्या, आणि मंडळात त्यावर दोन तट पडले.

मी यावर बरेच वाचले. या आजाराचा इतिहास सव्वाशे वर्षांहून थोडा जास्त आहे. तो आधी सांगते, कारण तो माहीत असला की काकूंचा प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो.

या आजाराला तिकडे 'व्हॅली फीव्हर' म्हणतात. पण त्याची पहिली नोंद अमेरिकेतली नाही, दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनाची आहे. 1892 साली ब्यूनोस आयर्समध्ये आलेहांद्रो पोसादास नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने दोमिंगो एस्कुरा या सैनिकाच्या त्वचेवरच्या गाठी तपासल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला जाड कवचाचे गोल गोळे दिसले आणि त्यांच्या आत बारीक दाणे. त्याला वाटले हा एक सूक्ष्म प्राणी आहे, कोंबड्यांच्या आतड्यात सापडणाऱ्या 'कॉक्सिडिया'सारखा. खात्री करण्यासाठी त्याने त्या गाठीतला अंश एका कुत्र्याला, एका मांजराला आणि एका माकडाला टोचला, आणि तिघांनाही रोग झाला. म्हणजे या रोगाच्या इतिहासात कुत्रा पहिल्याच पानावर आहे, आणि तो असा आहे. एस्कुरा काही वर्षांनी गेला. पोसादासही जेमतेम तिशी ओलांडून 1902 मध्ये वारला.

इकडे कॅलिफोर्नियातल्या सान वाकीन खोऱ्यात अशाच आजाराचा एक शेतमजूर सापडला. रिक्सफर्ड आणि गिलख्रिस्ट या डॉक्टरांनी 1896 मध्ये जंतूला 'कॉक्सिडिऑइडिस इमिटिस' असे नाव दिले. अर्थ काय, तर कॉक्सिडियासारखा दिसणारा आणि मुळीच सौम्य नसलेला. त्यांनाही तो प्राणीच वाटत होता. त्याचे तुकडे बशीत वाढायला ठेवले की वर पांढरा बुरा यायचा. तो बुरा म्हणजे बाहेरून पडलेली घाण, असे समजून बशी फेकून द्यायचे! 1900 साली ऑफ्युल्स आणि मॉफिट या दोघांनी तो बुरा फेकला नाही. तोच त्यांनी प्राण्यांना टोचला, तर पुन्हा गोल गोळे तयार झाले. तेव्हा कळले की हा प्राणी नव्हे, बुरशी आहे, आणि तिची दोन रूपे आहेत. मातीत ती धाग्यासारखी असते. धागे वाळले की त्यांचे तुकडे होतात, वाऱ्यावर उडतात, श्वासातून छातीत शिरतात, आणि शरीराच्या उबेत तेच तुकडे गोळे होऊन आत शेकडो दाणे धरतात.

मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी. आपल्याकडे लोणच्यावर, ओल्या भाकरीवर येणारा बुरा टाकून देताना आजी 'जीव पडले' म्हणायची. चातुर्मासात पिठाची मर्यादा तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे आपण आजही पाळतो. मूलाचारात साधारण वनस्पतीच्या यादीत शेवाळाबरोबर पणक, कवक, कुहण अशी बुरशीची नावे आली आहेत. हिंदीत आज बुरशीला 'कवक' म्हणतात तो हाच शब्द. दशवैकालिकातही साधूने जपायच्या आठ सूक्ष्मांमध्ये पनक आहे. म्हणजे बुरशी सजीव आहे हे आपल्या घरात कुणाला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. पण यावरून लगेच "आपल्या ग्रंथांत हा रोग आधीच होता" असे फॉरवर्ड कुणी पाठवू नये. त्या यादीचा उद्देश जीव ओळखून यत्नाचार करणे हा होता, रोगाचे कारण सांगणे हा नव्हता. आचार्यांच्या नावावर त्यांनी न सांगितलेले खपवणे हाही अवर्णवादच.

तर बुरशी आहे हे कळले, पण ती येते कुठून हे कळायला आणखी तीस वर्षे गेली. 1929 मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत हॅरल्ड चोप या विद्यार्थ्याने एक जुनी बशी उघडून जवळून पाहिली, वाळलेला बुरा त्याच्या श्वासात गेला आणि तो आजारी पडला. तोपर्यंत हा रोग म्हणजे मृत्यूच असा समज होता. चोप बरा झाला. त्याच्या अंगावर आलेल्या लाल दुखऱ्या गाठी त्याचे प्राध्यापक डिक्सन यांच्या लक्षात राहिल्या. दुसरीकडे कर्न काउंटीच्या आरोग्य खात्यात मर्नी गिफर्ड नावाच्या डॉक्टर बाई होत्या. त्या भागात 'सान वाकीन ताप' म्हणून साधा समजला जाणारा ताप यायचा आणि अशाच गाठी उठायच्या. बाईंनी अशा रुग्णांची या बुरशीसाठी त्वचेची चाचणी करून पाहिली आणि 1936 च्या सुमारास दाखवून दिले की शेकडो लोकांना येऊन आपोआप जाणारा तो ताप आणि तो भयंकर रोग एकच आहेत. बहुतेकांना तो पडशासारखा होऊन जातो, थोड्यांच्याच हाडांत, मेंदूत पसरतो. मातीतून ही बुरशी 1932 मध्येच वेगळी काढण्यात आली होती. आता दोन्ही टोके जुळली.

मग दुसरे महायुद्ध आले. या खोऱ्यात सैन्याने विमानतळ बांधले, बाहेरून आलेले हजारो जवान धुळीत कवायत करू लागले आणि आजारी पडू लागले. चार्ल्स स्मिथ या डॉक्टरांनी सैन्याला सांगितले ते अगदी साधे होते: धूळ उडू देऊ नका. मोकळ्या जागी गवत लावा, रस्ते पक्के करा, मैदानांवर तेल शिंपडा. आजार अर्ध्याहून कमी झाला. औषध नव्हते, लस नव्हती, फक्त माती शांत ठेवली. रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येत कारण नसताना जमीन खणणे धरले आहे ते आपण पाठ म्हणून जातो. मला ते वाचताना हे विमानतळ आठवतात. (संबंध मी लावते आहे, आचार्य नव्हे.)

उलट उदाहरण डिसेंबर 1977 चे. खोऱ्याच्या दक्षिण टोकाला जबरदस्त वादळ झाले, कोरडी माती उडून शेकडो किलोमीटर उत्तरेला सॅक्रामेंटोपर्यंत गेली, आणि जिथे हा आजार क्वचितच दिसायचा तिथेही लोक आजारी पडले.

आता कुत्र्याकडे येऊ. नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या कुत्र्याची नोंद 1940 मध्ये टूसॉनहून प्रसिद्ध झाली. टूसॉन म्हणजे मेक्सिकोच्या सरहद्दीपासून साधारण शंभर किलोमीटर. सरहद्दीवर नोगालेस नावाची दोन गावे आहेत, एक अलीकडे, एक पलीकडे, मधे कुंपण. माणसाला पासपोर्ट लागतो, धुळीला लागत नाही. सोनोरा वाळवंट दोन्हीकडे पसरलेले आहे आणि बुरशीही दोन्हीकडे आहे. पुढे 2002 मध्ये शास्त्रज्ञांना कळले की कॅलिफोर्नियाची बुरशी आणि ॲरिझोना, मेक्सिको, दक्षिण अमेरिकेची बुरशी या दोन वेगळ्या जाती आहेत. दुसरीला त्यांनी त्या अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्याचे नाव दिले, पोसादासी. काकूंच्या लेकीच्या कुत्र्याच्या छातीत बहुधा हीच.

कुत्र्यालाच एवढा त्रास का? कारण त्याचे नाक. माणूस पाच फुटांवरून श्वास घेतो, कुत्रा जमिनीला नाक लावून. उंदराचे, सशाचे बीळ दिसले की तो तोंड खुपसून उकरतो. ॲरिझोनात पाऊस पडून गेला की मातीत बुरशी वाढते, मग ऊन पडून ती वाळते, मग वारा. टूसॉन आणि फिनिक्सच्या भागातल्या कुत्र्यांचा 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की दोन वर्षांचे होईपर्यंत शंभरातल्या साधारण 28 कुत्र्यांना संसर्ग होऊन जातो, पण आजारी दिसतात ती सुमारे 6. बाकीच्यांच्या मालकांना पत्ताही लागत नाही. आजारी पडतात त्यांना आधी खोकला, ताप, मरगळ, वजन घटणे. हाडात गेले की लंगडणे. म्हणून तिकडचे डॉक्टर लंगडणाऱ्या कुत्र्याचे आधी रक्त तपासतात.

आणि एक गोष्ट ठळक सांगते, कारण काकूंच्या जावयाला हीच भीती होती. खोकणाऱ्या कुत्र्याकडून ही बुरशी माणसाला होत नाही, माणसाकडून माणसालाही नाही. शरीरातले गोळे हवेत उडणारे रूप घेत नाहीत, ते रूप मातीतच होते. नातवंडांना कुत्र्यापासून दूर ठेवायचे काही कारण नाही. मात्र ज्या अंगणात कुत्र्याला झाले त्याच अंगणाची धूळ आपणही श्वासात घेतो आहोत, हे ध्यानात ठेवून घरातल्या माणसाला महिनाभर खोकला असेल तर डॉक्टरांना 'आम्ही ॲरिझोनात राहतो' हे सांगायचे. नागपूरला सुट्टीवर आल्यावर खोकला सुरू झाला तर हे सांगणे जास्तच गरजेचे. इथले डॉक्टर छातीच्या फोटोत डाग पाहून आधी टीबीचा विचार करतील, आणि त्यांचे बरोबरच आहे, कारण ही बुरशी आपल्या मातीत नाही. आपल्यातल्या अनेक मारवाडी कुटुंबांची मूळ गावे बाडमेर-जैसलमेरकडची, तेही सरहद्दीचे वाळवंटच, पण थरच्या वाळूतही ती नाही.

नागपुरात कुत्र्यांना बुरशी होते ती बहुतेक कातडीची, पावसाळ्यात, केस गळून गोल चट्टे पडतात ते. तिचे उलटे आहे. ती मुलांच्या अंगावर येऊ शकते, आपण जिला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. गल्लीतल्या पिल्लांना भाकरी घालणाऱ्या मुलांना हात धुवायला लावा, आणि पिल्लू दिसले तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. हळद-तेलावर दोन महिने घालवू नका.

आपल्या बाजूचा आणखी एक धागा आहे. पोसादासच्याच ब्यूनोस आयर्समध्ये 1900 साली गिलेर्मो सीबर या विद्यार्थ्याने एका माणसाच्या नाकातल्या मांसल गोळ्यात असेच गोल गोळे पाहिले आणि तोही सूक्ष्म प्राणीच समजला. तो 'ऱ्हायनोस्पोरिडियम'. पुढे तो जगात सगळ्यात जास्त भारतात आणि श्रीलंकेत सापडला. आपल्या शेजारच्या छत्तीसगडात तळ्यात आंघोळ करणाऱ्यांना तो होतो, गुरांना होतो, कुत्र्यालाही होतो. शास्त्रज्ञांनी त्यालाही प्राण्यातून काढून बुरशीत घातले. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुके तपासल्यावर निघाले की तो बुरशी नाहीच, प्राणी आणि बुरशी यांच्या फाट्याजवळचा तिसराच जीव आहे. एकाच शहरातले दोन विद्यार्थी, दोघांचा अंदाज एकच, पण एकाचा पूर्ण चुकला आणि दुसऱ्याचा बुरशी म्हणणाऱ्यांपेक्षा थोडा जवळचा निघाला!

आता औषध. 1950 च्या दशकात ॲम्फोटेरिसिन आले. ते शिरेतून द्यावे लागायचे आणि मूत्रपिंडाला त्रास व्हायचा. माणसालाच सोसत नसे, तिथे कुत्र्याला किती लोक देणार? ज्याच्या हाडात रोग पसरला त्याला 'झोपवणे' हाच सल्ला मिळायचा. 1980 च्या दशकात पोटातून देता येणाऱ्या गोळ्या आल्या, 1990 मध्ये फ्लुकोनाझोलला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून घरच्या घरी सकाळ-संध्याकाळ गोळी देऊन कुत्री बरी होऊ लागली. सहा महिने ते वर्ष, मेंदूत गेले असेल तर कधी जन्मभर.

इथे काकूंचा प्रश्न उभा राहतो. दोन तट पडले असे मी म्हटले. एक म्हणे, साधारण वनस्पती, एका शरीरात अनंत जीव, त्यांची रोज हिंसा, त्यापेक्षा कुत्र्याचा असाता वेदनीयाचा उदय आहे तो भोगू द्या. शिवाय श्रावकाने कुत्रा-मांजर पाळायचेच नसते. दुसरा म्हणे, मुका जीव आहे, एवढे काय बघता.

पाळू नये हे ग्रंथांत आहे, नाही कसे म्हणू. पण ते आणण्यापूर्वीचे बोलणे आहे. घरात आलेला, आपल्याच हाताने जेवणारा जीव आजारी पडल्यावर तो नियम काढून दाखवणे मला पटत नाही. जीवंधरकुमारांनी मार खाऊन मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो यक्ष झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे वाचवण्याचा उपाय उरला नव्हता. इथे उरला आहे.

संख्येचा हिशोबही आपल्या परंपरेने असा केलेला नाही. एकेंद्रियाचे प्राण चार, मनासहित पंचेंद्रियाचे दहा. कुत्रा दहा प्राणांचा. पण मला त्याहून मोठा आधार अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायाचा वाटतो. हजार वर्षांपूर्वी त्यांनी हिंसेचे मूळ रागादी भावांत आणि प्रमादात दाखवले, आणि मग लोक दयेच्या नावाखाली काय काय पळवाटा काढतात त्या एकेक घेऊन मोडल्या. त्यातली एक अशी: फार दुःखात असलेल्या जीवाला मारून टाकले तर तो लवकर सुटेल. आचार्य म्हणतात, या समजुतीची तलवार हातात घेऊन दुःखी जीवालाही मारू नये. ॲरिझोनातल्या डॉक्टरांनी काकूंच्या लेकीपुढे दुसरा पर्याय ठेवला होता तो हाच, झोपवण्याचा. आणि 'उदय आहे, भोगू द्या' म्हणणाऱ्या गटातल्या एकीला तो चालत होता! बुरशीचे जीव वाचवायला संकल्प करून पंचेंद्रिय मारायचा, हे मला कुठल्याच ग्रंथात सापडलेले नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण रोज म्हणतो. गोळी हे औषधदानच आहे, त्यातली हिंसा गृहस्थाच्या आरंभी हिंसेत येते, आणि आरंभी म्हणजे शून्य नव्हे. प्रतिक्रमणात तिची आलोचना करावी. हे माझे मत. तुमच्या महाराजांना, माताजींना जरूर विचारा.

एक जण म्हणाली, हे औषध बुरशीला मारत नाही, तिच्या पेशीचा पातळ पडदा बांधणारा पदार्थ तयार होऊ देत नाही, वाढ थांबवते आणि मग शरीर तिला आवरते, तेव्हा हिंसाच नाही. शास्त्र बरोबर आहे, म्हणूनच इतके महिने लागतात. पण वाढ थांबवून उपासमार केली तर हिंसा नाही, असे आपण गाईबद्दल म्हणू का? ही पळवाट नको.

खरे अवघड पुढे आहे. ॲरिझोना विद्यापीठात कुत्र्यांसाठी लस तयार झाली. मक्यावरच्या बुरशीत सापडलेल्या एका जनुकाच्या आधाराने त्यांनी या बुरशीतले तसेच जनुक काढून टाकले, ती दुबळी झाली, आणि तीच टोचायची. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, लस घेतलेल्या कुत्र्यांना चांगले संरक्षण मिळाले. पण ते कळले कसे? प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना, काहींना लस देऊन आणि काहींना न देता, मुद्दाम रोग देऊन. पोसादासच्या कुत्र्यापासून इथपर्यंत. घरच्या कुत्र्याला ती लस मिळाली तर मी देऊ नको म्हणणार नाही, पण तिची किंमत कुणी दिली हे मनातून जात नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा.

व्यवहाराचे थोडे. फ्लुकोनाझोल कॅप्सूलमध्येही येते आणि कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, तेव्हा गोळीच मागा. तिकडे ती चीजमध्ये भरून देतात. काकूंची लेक पोळीला शेंगदाण्याचे कूट आणि तूप लावून त्यात देते, कुत्रा चाटूनपुसून खातो. लंगडणे थांबले की गोळी बंद करू नका, रक्ताची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा होते आणि बंद करायचे ते त्यावरून ठरते. अंगणात माती उघडी असेल तिथे खडी किंवा गवत. बीळ उकरू देऊ नका, उंदरासाठीही ते बरे. वादळ दिसले, ज्याला तिथे 'हबूब' म्हणतात, की कुत्रा आत आणि खिडक्या बंद. काकूंनी लेकीला आता हे सगळे स्वतःच फोन करून सांगितले आहे. पुढची तपासणी अष्टान्हिकेच्या आठवड्यात आहे.